इंग्रजी क्रियापदे आणि प्रिपोझिशन: रचनांचा तक्ता तयार करतानाच्या नोंदी

६ जानेवारी

कोणत्या क्रियापदापुढे कोणते प्रिपोझिशन येते याच्या वर्णानुक्रमे लावलेल्या याद्या हव्या तितक्या मिळतात आणि त्या पाठ करणारेही पुष्कळ असतात. तरीही ‘इन्सिस्ट ऑन’ घोकलेला विद्यार्थी ‘ही इन्सिस्टेड ऑन दॅट वी स्टे’ असे वाक्य बिनदिक्कत लिहितो, कारण हे ‘ऑन’ कुठे गळते ते यादीने त्याला कधी सांगितलेलेच नसते. म्हणून प्रत्यक्ष छापलेल्या आणि बोललेल्या इंग्रजीतून उदाहरणे काढून नवा तक्ता तयार करण्याचे काम आजपासून सुरू केले आहे. असेच काम हाती घेणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

मुख्य आधार ब्रिटिश नॅशनल कॉर्पसचा (कॉर्पस म्हणजे अभ्यासासाठी संगणकावर जमवलेला मजकुराचा साठा), त्याच्या २००७ सालच्या एक्सएमएल आवृत्तीचा. सुमारे १० कोटी शब्द, ४,०४९ संहिता, त्यांत ढोबळमानाने ९० टक्के लेखी आणि १० टक्के बोली मजकूर. प्रत्येक शब्दासोबत त्याचे मूळ रूप आणि व्याकरणाचा टॅग, म्हणजे तो नाम, क्रियापद की आणखी काही हे सांगणारी खूण, दिलेला असल्यामुळे निम्मे कष्ट आधीच कोणीतरी उपसलेले आहेत. प्रोग्रामची चाचणी मात्र ब्राउन कॉर्पसवर घ्यायची ठरवली. १९६१ साली अमेरिकेत छापलेल्या मजकुराचे, प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० नमुने त्यात असल्यामुळे एकूण आकार १० लाख शब्दांच्या आसपास राहतो आणि चुकीचा प्रोग्राम काही क्षणांतच उघडा पडतो.

९ जानेवारी

पहिली पद्धत अगदी साधी होती: क्रियापद शोधायचे, त्याच्या लगेच पुढचा शब्द प्रिपोझिशन असेल तर जोडी मोजायची. निकालात ‘गो टू’, ‘लुक ॲट’, ‘कम फ्रॉम’ यांसारख्या जोड्या वर आल्या, ज्यांसाठी कॉर्पस उघडण्याची गरजच नव्हती. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे ती क्रियापदे मात्र जवळजवळ गायब होती, कारण ‘डिप्राइव्ह’, ‘ब्लेम’, ‘प्रिव्हेंट’, ‘प्रोव्हाइड’ यांच्या आणि त्यांच्या प्रिपोझिशनच्या मध्ये कर्म बसते. ‘दे ब्लेम्ड द ड्रायव्हर फॉर द डिले’ या वाक्यात ‘ब्लेम’ आणि ‘फॉर’ एकमेकांना चिकटून येतच नाहीत.

१० लाख शब्द अशा कामाला पुरत नाहीत हेही आजच कळून चुकले. ‘ॲक्विट’सारख्या क्रियापदाची उदाहरणे इतकी तुरळक सापडतात की त्यांवरून काहीही ठरवणे धाडसाचे होईल.

१३ जानेवारी

कर्म सामावून घेण्यासाठी क्रियापदानंतरच्या पाच शब्दांत कुठेही प्रिपोझिशन आले तरी मोजायचे, असे केले. ‘ब्लेम’ आणि ‘फॉर’ सापडले, पण त्यांच्याबरोबर कचऱ्याचा ढीगही आला. ‘शी रेड द लेटर इन द किचन’ या वाक्यातील ‘इन’चा ‘रीड’शी काही संबंध नाही, ते कुठे वाचले एवढेच सांगते आणि कोणत्याही क्रियापदापुढे येऊ शकते. ‘ही बॉट अ बुक ऑफ पोएम्स’ मधील ‘ऑफ’ तर क्रियापदाचे नसून ‘बुक’ या नामाचे आहे. ही पाच शब्दांची खिडकी लहान केली की खरी उदाहरणे निसटतात, मोठी केली की खोटी घुसतात. तीन, चार, पाच, सहा असे सगळे आकडे वापरून पाहण्यात जो वेळ गेला तो पूर्ण वाया गेला असे समजावे. खिडकीची लांबी हा या प्रश्नाचा गाभाच नाही, वाक्याची बांधणी हा आहे. पुढे पार्सर, म्हणजे वाक्यातला कोणता शब्द कशाला जोडलेला आहे हे ठरवून त्या संबंधाला लेबल लावणारा प्रोग्राम, वापरणार आहे.

१७ जानेवारी

पार्सरकडे वळण्यापूर्वी टॅगांचा घोळ निस्तरावा लागला. ब्रिटिश कॉर्पसवर प्रोग्राम चालवला तेव्हा यादीत ‘कन्सिस्ट’ नव्हते. ‘डिस्पोझ’, ‘ॲप्रूव्ह’, ‘ॲक्यूज’, ‘रॉब’ यांचाही पत्ता नव्हता. प्रोग्राममध्ये काही बिघाड असावा या समजुतीने त्याच्याच ओळी तपासत बसलो होतो, आणि अखेर मूळ फाइल उघडून ‘कन्सिस्ट ऑफ’ची एक ओळ डोळ्यांनी वाचली तेव्हा उलगडा झाला. या कॉर्पसच्या सी-फाइव्ह टॅगसंचात प्रिपोझिशनसाठी ‘पीआरपी’ हा टॅग आहे, पण ‘ऑफ’ला त्यातून वगळून ‘पीआरएफ’ हा स्वतंत्र टॅग दिलेला आहे. ‘ऑफ’ बहुतेक वेळा नामाला जोडून येते, त्यामुळे त्याला वेगळे ठेवण्यामागे शहाणपण आहे. पण मी फक्त ‘पीआरपी’ मागत असल्यामुळे ‘ऑफ’ घेणारी सगळीच्या सगळी क्रियापदे गाळली जात होती. हा कॉर्पस वापरणाऱ्याने दोन्ही टॅग मागावेत.

दुसरा घोळ क्रियाविशेषणासारख्या वागणाऱ्या ‘अप’, ‘ऑफ’ (वरचे नव्हे, दोन ‘एफ’चे), ‘ऑन’, ‘डाउन’ यांचा. ‘शी रॅन अप द हिल’ यात ‘अप’ हे ‘हिल’चे प्रिपोझिशन आहे, आणि ‘शी रॅन अप अ बिल’ यात ते क्रियापदाचाच तुकडा आहे. फरक पाहायचा असेल तर नामाच्या जागी ‘इट’ घालावे: टेकडीच्या बाबतीत ‘रॅन अप इट’ होते, बिलाच्या बाबतीत ‘रॅन इट अप’. ‘टर्न्ड ऑफ द रोड’ आणि ‘टर्न्ड ऑफ द लाइट’ ही जोडीही याच कसोटीवर सुटते. या तुकड्यांसाठी कॉर्पसमध्ये ‘एव्हीपी’ असा टॅग आहे. परंतु स्वयंचलित टॅगरला, म्हणजे टॅग लावणाऱ्या प्रोग्रामला, खात्री नसेल तेथे ‘एव्हीपी-पीआरपी’ असा जोडटॅग ठेवलेला असतो. जोडटॅगाच्या ओळी एखाद्या बाजूला ढकलण्याऐवजी त्या वेगळ्या फाइलमध्ये काढल्या आणि हाताने वाचायचे ठरवले. काम कंटाळवाणे आहे, पण टॅगर जिथे ‘मला माहीत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो तिथे त्याच्या तोंडी उत्तर घालणे बरे नव्हे.

२२ जानेवारी

‘टू’ने दिवस खाल्ला. ‘वी अग्रीड टू लीव्ह’ मधील ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारे आहे, ‘वी ऑब्जेक्टेड टू लीव्हिंग’ मधील ‘टू’ प्रिपोझिशन आहे. सी-फाइव्ह संचात या दोहोंना वेगळे टॅग आहेत. पेन ट्रीबँक या दुसऱ्या, वाक्यरचनेच्या खुणा असलेल्या इंग्रजी कॉर्पसच्या मूळ टॅगसंचात मात्र दोन्ही ‘टू’ एकाच टॅगाखाली येतात, आणि त्या संचावर बेतलेली साधने वापरणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे, नाहीतर ‘अग्री’, ‘ऑब्जेक्ट’, ‘रिझॉर्ट’ आणि ‘होप’ एकाच रांगेत उभे राहतात.

पुढचा शब्द ‘-इंग’ रूपातील असेल तर प्रिपोझिशन आणि मूळ रूपातील असेल तर नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो. ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘कन्फेस टू’, ‘ॲडमिट टू’, ‘रिझॉर्ट टू’, ‘अमाउंट टू’ ही सर्व त्यामुळे नीट वेगळी निघाली. अडचण येते ती नाम आणि क्रियापद यांचे रूप एकच असते तेव्हा. ‘लेड टू चेंज’ यात ‘चेंज’ नाम आहे, ‘ऑब्जेक्टेड टू चेंज’ यातही तेच, पण टॅगर कधीकधी त्याला क्रियापद ठरवतो. अशा शब्दांची छोटी यादी करून त्या ओळी पुन्हा वाचल्या.

२८ जानेवारी

पार्सर बसवला. १० कोटी शब्द साध्या संगणकावर सलग चालवणे शहाणपणाचे नाही. ज्या वाक्यांत यादीतील क्रियापद आहे तेवढीच आधी वेगळी काढून मग ती पार्सरला दिली, त्यामुळे वेळ कितीतरी कमी झाला. हे आधीच केले असते तर एक संपूर्ण रात्र संगणक तापवत ठेवावा लागला नसता.

पार्सरचा खरा लाभ असा की ‘द लेटर इन द किचन’ मधील ‘इन’ कशाला जोडायचे याचा निदान अंदाज तरी तो बांधतो. चुका तोही करतो. शिवाय त्याची लेबले नीट पाहून घ्यावीत. प्रिपोझिशनच्या नेहमीच्या लेबलाखाली मोजणी केली तेव्हा ‘गिव्ह समथिंग टू समवन’ यातील ‘टू’ आढळले नाही, कारण घेणारी व्यक्ती दाखवणाऱ्या ‘टू’ला या पार्सरमध्ये निराळे लेबल होते, कर्मणी वाक्यातील ‘बाय’लाही तसेच. ‘बाय’ गळाले ते बरेच झाले, कारण कर्ता सांगणारे ते ‘बाय’ जवळपास प्रत्येक सकर्मक क्रियापदापुढे येते आणि तक्ता भरून टाकते. ‘टू’ मात्र परत आणावे लागले.

१ फेब्रुवारी

आज फक्त कर्मणी वाक्ये आणि मागे राहिलेली प्रिपोझिशन. ‘ही वॉज ॲक्यूज्ड ऑफ फ्रॉड’ यात ‘ॲक्यूज’च्या लगेच पुढे ‘ऑफ’ आहे, त्यामुळे वरवर पाहता ते ‘कन्सिस्ट ऑफ’सारखे दिसते. वस्तुतः ज्याच्यावर आरोप आहे तो माणूस मधल्या जागेवरून उठून वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसलेला आहे. ही दोन क्रियापदे एका गटात टाकणे म्हणजे तक्त्याचा हेतूच बुडवणे. म्हणून प्रत्येक कर्मणी वाक्य आधी कर्तरी रचनेत परत नेऊन मगच मोजायचे, असा नियम केला.

उलट दिशेची अडचण ‘द पीपल वी रिलाय ऑन’, ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर’ आणि ‘शी वॉज लाफ्ड ॲट’ अशा वाक्यांची. येथे प्रिपोझिशनपुढे नामच नसते. ते मागे एकटे राहते आणि नाम कुठेतरी आधी येऊन गेलेले असते. औपचारिक लेखनात याच ठिकाणी ‘द पीपल ऑन हूम वी रिलाय’ असे येते, म्हणजे प्रिपोझिशन क्रियापदाच्याही आधी. प्रिपोझिशन नेहमी पुढेच शोधणाऱ्या प्रोग्रामला ही वाक्ये दिसत नाहीत. बोली मजकुरात पहिला प्रकार सर्रास आढळतो, त्यामुळे तो गाळला तर बोलीभाषेचे चित्रच बिघडते.

६ फेब्रुवारी

या कामातील सर्वांत उपयोगी वेळ बहुधा आजचा. मोजणी थांबवली आणि ‘इन्सिस्ट’च्या ओळी एकाखाली एक लावून, क्रियापद मधल्या रकान्यात ठेवून, नुसत्या वाचत गेलो. उजवीकडचा शब्द वर्णानुक्रमे लावला की रचना आपोआप थरांत वेगळ्या होतात. ‘इन्सिस्टेड ऑन अ रिसीट’, ‘इन्सिस्टेड ऑन पेइंग’, ‘इन्सिस्टेड ऑन हिज पेइंग’ येथे ‘ऑन’ आहे; ‘इन्सिस्टेड दॅट ही वुड पे’ आणि ‘इन्सिस्टेड ही वुड पे’ येथे ते नाही. ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य आले की इंग्रजीत प्रिपोझिशन सहसा गळून पडते: ‘वरीड अबाउट द रिझल्ट’ पण ‘वरीड दॅट द रिझल्ट...’; ‘अग्रीड ऑन अ डेट’ पण ‘अग्रीड दॅट...’. मूळ रूपातील क्रियापदापूर्वीही तसेच होते, ‘डिसायडेड ऑन अ प्लॅन’ पण ‘डिसायडेड टू गो’. ‘व्हेदर’, ‘हाउ’, ‘व्हॉट’ यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यांपूर्वी मात्र ते टिकू शकते. ‘इट डिपेंड्स ऑन हाउ यू लुक ॲट इट’ लेखनात नेहमीचे आहे आणि ‘इट डिपेंड्स व्हॉट यू मीन’ बोलण्यात सहज येते.

तेव्हा तक्त्याची ओळ म्हणजे क्रियापद आणि प्रिपोझिशन यांची जोडी, ही कल्पनाच सोडून दिली. एक ओळ म्हणजे एक पूर्ण चौकट: क्रियापद, मध्ये कर्म आहे की नाही, प्रिपोझिशन, आणि त्यापुढे नाम येते, ‘-इंग’ येते की उपवाक्य. प्रिपोझिशन नसलेल्या चौकटीलाही तिची ओळ हवी, कारण विद्यार्थ्याचा पाय नेमका तिथेच घसरतो. यामुळे आधीची सर्व मोजणी पुन्हा करावी लागणार आहे. जुन्या फाइली पुसून टाकल्या.

११ फेब्रुवारी

कोणती चौकट वर ठेवायची? नुसत्या वारंवारतेने ‘गो टू’ वर येते, हे पहिल्याच आठवड्यात दिसले होते. केनेथ चर्च आणि पॅट्रिक हँक्स यांनी १९९० च्या सुमारास कोशकामासाठी पुढे आणलेले म्युच्युअल इन्फर्मेशनचे माप, म्हणजे दोन शब्द निव्वळ योगायोगाने येतील त्यापेक्षा किती जास्त वेळा एकत्र येतात याचे माप, लावून पाहिले. त्यात उलटा दोष आहे: एकदोनदाच आलेल्या जोड्या डोक्यावर बसतात, आणि त्यांत टंकलेखनाच्या चुकाही असतात. किमान वारंवारतेची अट घातल्यावर यादी वाचण्याजोगी झाली. नंतर स्टेफानोविच आणि ग्रीस यांनी २००३ मध्ये मांडलेली, क्रियापद आणि त्याची संपूर्ण रचना यांतील ओढ मोजणारी पद्धत वापरली. चौकटींवर आधारलेल्या तक्त्याला तीच अधिक जवळची वाटली.

एक गोष्ट कोणत्याही एका आकड्यात मावत नाही. ‘लिसन’ समोर आले की पुढे ‘टू’ येणार हे जवळजवळ सांगता येते. ‘टू’ समोर असताना मागे ‘लिसन’ असेल असे कोणी म्हणणार नाही. संबंधाची दिशा वेगळी, म्हणून दोन्ही दिशांचे आकडे स्वतंत्र रकान्यांत ठेवले. ‘लुक’चे उदाहरण याच्या अगदी विरुद्ध आहे: ‘ॲट’, ‘फॉर’, ‘आफ्टर’, ‘इंटू’, ‘लाइक’ अशा अनेक वाटा त्याला फुटतात आणि प्रत्येक वाटेचा अर्थ निराळा. अशा क्रियापदाला एकच ठळक प्रिपोझिशन देणे म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल करणे होय.

१८ फेब्रुवारी

चौकटीनुसार क्रियापदे लावली तेव्हा वर्णानुक्रमाच्या यादीत कधीच न दिसणारी गोष्ट समोर आली: एका चौकटीतील क्रियापदे अर्थानेही एकमेकांची नातलग असतात. जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली १९८० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात सुरू झालेल्या कोबिल्ड प्रकल्पातून १९९६ मध्ये क्रियापदांच्या रचनांचे जे व्याकरण निघाले, त्याची उभारणी याच निरीक्षणावर आहे. तरीही स्वतःच्या यादीत ते उमटताना पाहणे निराळेच.

‘समवन इंटू डूइंग’ ही चौकट घ्यावी. तीत ‘ट्रिक’, ‘फूल’, ‘डिसीव्ह’, ‘मिसलीड’ हा फसवणुकीचा गट आहे. ‘फोर्स’, ‘बुली’, ‘कोअर्स’, ‘प्रेशर’ हा जबरदस्तीचा. ‘टॉक’, ‘कोक्स’ हा गोड बोलून वळवण्याचा. समोरच्याने स्वतःहून जे केले नसते ते त्याच्याकडून करवून घेणे, हा अर्थ जणू चौकटीतच मुरलेला आहे. ‘टॉक’ एरवी कर्म घेत नाही, पण या चौकटीत शिरले की ‘शी टॉक्ड हिम इंटू साइनिंग’ असे निमूटपणे घेते. ‘फ्रॉम डूइंग’च्या चौकटीत ‘प्रिव्हेंट’, ‘स्टॉप’, ‘डिस्करेज’, ‘डिटर’, ‘बॅन’ ही अडवणारी मंडळी. कर्म आणि ‘ऑफ’ यांच्या चौकटीत दोन कुळे: ‘रॉब’, ‘डिप्राइव्ह’, ‘स्ट्रिप’, ‘क्युअर’, ‘रिड’ काढून घेणारी आणि ‘ॲक्यूज’, ‘सस्पेक्ट’, ‘कन्व्हिक्ट’, ‘ॲक्विट’ आरोप व निवाड्याची. ‘चार्ज’ अर्थाने दुसऱ्या कुळातले असूनही ‘विथ’ घेते, आणि ‘ब्लेम’ ‘फॉर’ घेते. अर्थ सारखा म्हणून प्रिपोझिशन सारखेच असेल असे गृहीत धरून रिकाम्या जागा भरू नयेत, हे या दोघांनी वेळेवर शिकवले.

काही क्रियापदांना दोन ओळी द्याव्या लागल्या. ‘ब्लेम हिम फॉर इट’ आणि ‘ब्लेम इट ऑन हिम’. ‘लोड द ट्रक विथ बॉक्सेस’ आणि ‘लोड बॉक्सेस ऑन द ट्रक’. ‘प्रोव्हाइड देम विथ फूड’ आणि ‘प्रोव्हाइड फूड फॉर देम’. प्रिपोझिशन बदलले की कर्माच्या जागी कोण बसते तेही बदलते. ‘रॉब’ आणि ‘स्टील’ यांत हीच अदलाबदल दोन वेगळ्या क्रियापदांत वाटली गेली आहे: लुटला जातो तो माणूस, चोरली जाते ती वस्तू.

२५ फेब्रुवारी

ब्रिटिश कॉर्पसमधून निघालेला तक्ता सर्वत्र लागू आहे का, हे तपासण्यासाठी १९९० ते २०१९ या काळातील १०० कोटींहून अधिक शब्दांचा अमेरिकन इंग्रजीचा कोका कॉर्पस शोधून पाहिला. ‘प्रिव्हेंट देम लीव्हिंग’ असे ‘फ्रॉम’शिवायचे रूप ब्रिटिश वळणाचे आहे, अमेरिकेत ‘फ्रॉम’ ठेवतात. उलट ‘अपील द डिसिजन’, ‘प्रोटेस्ट द डिसिजन’ हे अमेरिकन वळण, तर ब्रिटनमध्ये त्याच जागी ‘अगेन्स्ट’ येते. अशा ओळींपुढे प्रदेशाचा रकाना जोडला. भारतीय इंग्रजीतील ‘डिस्कस अबाउट’सारख्या रचनांसाठी, शिवाजी विद्यापीठात ब्राउनच्या धर्तीवर १९७८ च्या मजकुरातून तयार झालेला कोल्हापूर कॉर्पस आहे. त्यात केवळ छापील मजकूर असल्यामुळे बोलण्यातील सवयींचा अदमास त्यावरून घेऊ नये. या रचनांना तक्त्यात ‘चूक’ असा शिक्का न मारता ‘प्रमाण ब्रिटिश व अमेरिकन लेखनात प्रिपोझिशन नाही’ एवढेच लिहिले.

३ मार्च

शेवटची चाळणी. एखादी चौकट पुष्कळदा आली, पण ती सगळी एकाच संहितेतून आली असेल तर ती त्या लेखकाची किंवा त्या विषयाची लकब असू शकते. म्हणून ओळ टिकण्यासाठी ती अनेक संहितांत विखुरलेली असावी ही अट घातली. ‘डिपेंडिंग ऑन’, ‘ओइंग टू’, ‘अकॉर्डिंग टू’ ही क्रियापदांच्या मोजणीतून बाहेर काढली, कारण ती आता स्वतःच प्रिपोझिशनसारखी वागतात आणि ‘डिपेंड’चा आकडा फुगवतात. ‘बेस्ड ऑन’ राहू दिले, शेरा मारून. ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’ यांसारख्या तीन तुकड्यांच्या क्रियापदांना या तक्त्यात जागा दिलेली नाही. त्यांच्यातला मधला तुकडा हलतो का, कर्मणी रचना चालते का, हे प्रश्न निराळे आहेत आणि त्यांचा तक्ता स्वतंत्रच करावा लागेल. प्रत्येक ओळीसमोर आता वेगवेगळ्या संहितांतील तीन वाक्ये आहेत, त्यांतले एक जमेल तिथे बोली भागातले. जोडटॅगाची फाइल अर्ध्यावर आली आहे आणि ‘ऑफ’ (दोन ‘एफ’चे) व ‘अप’ अजून वाचायचे बाकी आहेत.